कंबर नव्हे, खुबा

प्रिय सृष्टी,

कागद बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. सासूने सुनेला पत्र लिहायचं म्हणजे जग उलटं झालं असं तुला वाटेल. पण तू फोन उचलत नाहीस आणि उचललास तरी "बरी आहे, आत्या" एवढं म्हणून ठेवून देतेस. आवाज असा येतो, जसं काही आडात उतरून बोलतेयस. कागद निदान मधेच कट करता येत नाही. अर्धा वाचून ठेवशील म्हणावं, तर तू पडलीस कबड्डीतली पोरगी. डाव अर्धा सोडून उठायची तुला सवय नाही, एवढं मी तुला ओळखते.

पंचमीला माहेरी गेलीस ती गौरी येऊन गेल्या तरी आली नाहीस. आणि परवा धैर्यशीलचा जैसलमेरहून फोन आला. एवढा सैन्यातला गडी, पण बोलताना मधेमधे थांबत होता. म्हणाला, "आई, ती आपरेशन करणार न्हाई म्हणती, आन माघारी बी येणार न्हाई म्हणती. मला म्हणाली, तुमी तुमचं बघा." तुमचं बघा म्हणजे काय गं, सृष्टी? नवऱ्याला दुसरी बायको बघायला सांगायची ही कुठली पद्धत? मला राग आला, खरंच आला. दिवसभर मी भांडी आपटली. संध्याकाळी राग उतरला आणि मग नुसतं वाईट वाटत राहिलं. सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलंय. ती तारीख अजून तशीच आहे. मी ती मोडू दिलेली नाही.

इकडचं सांगायचं तर आल्याची भरणी झाली. पाऊस बेताचाच आहे, त्यामुळे कंद कुजायची भीती यंदा कमी. म्हशीला रेडकू झालंय, कपाळावर पांढरा ठिपका आहे. नाव तू ठेवणार होतीस, म्हणून अजून सगळे त्याला नुसतं "ए" म्हणतात. घेवडा निघायला लागलाय. कोरेगावच्या बाजारात बरं चाललंय म्हणतात. माझी अंगणवाडी सुटली तरी सवय सुटली नाही. गल्लीतली पोरं दुपारी ओट्यावर येऊन बसतात आणि "सृष्टी वैनी कवा येणार" म्हणून विचारतात. मी म्हणते, येईल.

तुझ्या लग्नाचा दुसरा दिवस मला आठवतो. तुला भावकीत पाया पडायला घेऊन गेले होते. आपल्याकडची रीत तुला माहेरी पलूसला माहीत नव्हती असं नाही, पण आमच्या भावकीचा विस्तार तुला माहीत नव्हता. घराघरांत म्हाताऱ्या भिंतीला टेकून, पाय पसरून ओळीने बसलेल्या. डोक्यावर पदर घ्यायचा, उकिडवं बसायचं, दोन्ही हातांनी पाय धरायचे आणि कपाळ टेकायचं. बाकीच्या नव्या नवऱ्या हे काम झटपट उरकतात. तू मात्र सावकाश खाली जायचीस आणि खालीच राहायचीस. आमची चुलत सासू धोंडुबाई तर भारावून गेली. "लय वळणाची पोर हाय गं शालन," म्हणाली, "डोकं टेकलं की उचलायचं नाव न्हाई." तू उठत नाहीस म्हणून ती आणखी आशीर्वाद द्यायची, आणि ती आशीर्वाद देतेय म्हणून तुला उठायची घाई करता यायची नाही. लेक, नातू, पणतू, गाई-म्हशी सगळं देऊन झालं तरी तू खालीच. शेवटी मी हात दिला तेव्हा उठलीस, आणि उठताना तुझा ओठ दातांत होता. ते बघूनही मला वाटलं, पोरगी लाजली असेल.

मग काय, गावात तुझं नावच झालं. मामांनी, तुझ्या सुभेदार सासऱ्यांनी, तर मारुतीच्या पारावर, त्यांच्या पेन्शनर मंडळींत, "आमच्या सूनबाईची डिसिप्लीन बघायला या" असं सांगून ठेवलं. कुणी पाहुणा आला की तुला हाक. पाहुण्याने नको नको म्हणायचं, मामांनी "न्हाई, न्हाई, तिला आवडतंय" म्हणायचं आणि तू पुन्हा उकिडवी. आता आठवलं की अंगावर काटा येतो. पोरीला उठता येत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट जितकं जास्त दुखायचं तितकं तुझं कौतुक वाढत गेलं.

आणि तू पण शहाणीच. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा बोललीस ते जेवताना, सगळ्यांसमोर. मामांनी विचारलं, "काय हुतंय गं?" तू म्हणालीस, "कंबर भरलीय." झालं. सुभेदाराच्या घरात एकदा अहवाल गेला की तोच कायम. त्या दिवसापासून आपण सगळे तुझ्या कंबरेच्या मागे लागलो. विटेचा शेक झाला, तेल झालं, पट्टा झाला. भामाबाई चोळायला आली आणि पाठीवर पाय देऊन उभी राहिली. तू बिचारी पालथी पडून "बरं वाटतंय" म्हणत होतीस. कोरेगावच्या डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला, त्यात काहीच सापडलं नाही. त्यांचा तरी काय दोष? तू कंबर म्हणालीस, त्यांनी कंबर बघितली. शेजारच्या खुर्चीत सासरा ताठ बसलेला असताना नव्या सुनेने "जांघेत दुखतंय" म्हणायचं कसं, हे मला बाई असून तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर पोटाची सोनोग्राफी झाली. धोंडुबाईला वाटत होतं दिवस असतील. तिने मला ओटीचा खण सुद्धा काढून ठेवायला सांगितला होता. तिथेही काही निघालं नाही आणि घरी येऊन मी तो खण परत ठेवून दिला.

घेवडा निवडायचा तो दिवस मात्र मी विसरणार नाही. आम्ही सगळ्या खाली अंथरलेल्या चवाळ्यावर बसलो होतो आणि तू घेवड्याच्या पोत्यावर. धोंडुबाईने लगेच टोचलं, "सासू खाली आन सून वर, नवीन रीत निघाली व्हय?" तू लगेच खाली बसलीस. थोड्या वेळाने उठलीस आणि तुझा हात गेला तो कंबरेवर नाही. अंगठा मागे, चारी बोटं पुढे जांघेकडे, घागर कडेवर घेताना पकडतो तशी तू स्वतःच्या खुब्याला पकड घातली होतीस. सगळा जन्म माझा अंगणवाडीत गेला. लहान पोरांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, हात कुठे जातो तेवढं बघायचं असतं. मी तुला आत नेलं, कडी लावली आणि विचारलं, "खरं सांग, कुठं दुखतंय?" तू रडायलाच लागलीस. "हितं, आत्या. लय आत. मामांच्या म्होरं कसं सांगणार हुते मी?" मी तुला जवळ घेतलं. तेव्हापासून तू माझी सून कमी आणि लेक जास्त झालीस, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

कराडच्या डॉक्टर जीनतला मी अजून दुवा देते. व्यायामाचे उपचार करणारी पोरगी, तुझ्याच वयाची. मामांना तिने गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं, तिथेच निम्मं काम झालं. तुला टेबलावर उताणं झोपवून गुडघा वाकवला, छातीकडे नेला आणि जरासा आतल्या बाजूला वळवला. तू अशी ओरडलीस की मामा बाहेर बाकावरून उठून उभे राहिले. जीनत म्हणाली, "काकू, दुखणं कंबरेत न्हाईच, खुब्यात हाय." मग तिने मला समजावून सांगितलं. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीसारख्या खोबणीत फिरतो. तुझा गोळा पुरता गोल नाही, त्याच्या मानेशी हाडाचा उंचवटा आहे. मांडी पोटाकडे गेली की तो उंचवटा वाटीच्या काठावर आदळतो आणि काठाला जी रबरासारखी कड असते ती हळूहळू फाटत जाते. तिने विचारलं, लहानपणी खेळायचीस का? तू म्हणालीस, शाळेपासून कबड्डी, जिल्ह्याच्या संघात. ती म्हणाली, वाढीच्या वयात जोराचे खेळ खेळणाऱ्या काहींना असं होतं, काहींची हाडंच मुळात तशी घडतात, यात तुझं काही चुकलेलं नाही. मला हे वाक्य फार बरं वाटलं, कारण तोवर प्रत्येकाने तुझं काय चुकलं तेच शोधलं होतं.

त्यानंतर तिने काय काय करायचं नाही ते सांगितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या पाटावर बसायचं नाही, खाली वाकून झाडायचं नाही. म्हणजे आपल्या घरात सुनेने जे जे करायचं ते सगळंच बंद. पण करून दाखवलं की नाही आपण? खुर्ची आली, उंच संडास झाला, लांब दांड्याचा झाडू आला. मामांनी त्या दुखण्याचं इंग्रजी नाव पाठ केलं. "हिप इम्पिंजमेंट" असं ते पारावर म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, एखाद्या पलटणीचं नाव आहे. सकाळचे व्यायाम तू एकटी करायला लाजायचीस म्हणून मी पण शेजारी सतरंजी टाकायचे. दोघींनी पाठीवर पडून कंबर पुलासारखी वर उचलली होती आणि मामा पेपर मागायला आत आले, ते दारातूनच "जय हिंद" म्हणून परत फिरले. किती हसलो होतो आपण त्या दिवशी!

व्यायामाने तुझ्या पाठीत नि मांडीत ताकद आली, जिना चढायला सोपं झालं. पण ते आतलं अडकणं गेलं नाही. म्हणून जीनतनेच मिरजेला पाठवलं. तिथल्या सर्जननी वेगळ्या कोनातून फोटो काढले, खुब्यात औषध सोडून एमआरआय केला आणि फाटलेली कड दाखवली. मग सांध्यातच एक इंजेक्शन दिलं. ते कशाला, तर दुखणं थांबलं म्हणजे दुखण्याची जागा नक्की ठरते. आणि थांबलं! घरी आलीस ती बोरीच्या कुंपणापाशी पळत गेलीस, शेरडू सुटलं होतं म्हणून. मी ओसरीवरून बघत होते. दोन वर्षांत तुला पळताना मी पहिल्यांदा बघितलं. कबड्डीच्या मैदानात तू कशी दिसत असशील ते मला तेव्हा कळलं. काही आठवड्यांनी औषधाचा जोर उतरला आणि तू पुन्हा भिंत धरून उठायला लागलीस. सर्जननी सांगितलं, दुर्बिणीतून उंचवटा तासायचा आणि कड शिवायची. काही आठवडे कुबड्या, पुढे बरेच महिने व्यायाम. हमखास सगळं जाईल असं त्यांनी म्हटलं नाही. बहुतेकांना चांगला फरक पडतो, आणि नाही केलं तर सांधा लवकर झिजायची भीती आहे, एवढंच म्हणाले. बढाई मारली नाही म्हणून मला त्यांचा भरवसा वाटला. तू गाडीत माझा हात धरून म्हणालीस, "करूया, आत्या."

मग मोडलं कुठे, ते मला माहीत आहे. मिरजेहून आल्यावर धोंडुबाई विचारपूस करायला आली होती. तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस आणि ती म्हणाली, "खुब्याला चाकू लागला की बाईची कूस उजवत न्हाई. आमच्या वाडीत बघितलंया मी." तू ट्रे खाली ठेवलास आणि मामांकडे बघितलंस. मामा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, एक अक्षर बोलले नाहीत. तुझ्या लग्नात हेच मामा मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होते, की आता नातू खेळवायचा तेवढा राहिलाय. तू तेव्हाच ठरवलंस ना, की हे गप्प बसले म्हणजे त्यांना पण तेच म्हणायचंय? त्यानंतर तुझं बोलणं कमी झालं, आणि पंचमीला बॅग नेलीस ती जरा जास्तच जड होती.

मी गप्प बसणारी बाई नाही. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीने मिरजेला गेले आणि सर्जनना सरळ विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. खुबा इथे, गर्भाशय तिथे. छिद्रं पाडतात ती मांडीच्या बाजूने, पोटाला कुणी हातही लावत नाही. बरी झालीस, कुबड्या सुटल्या, व्यायाम पुरे झाले की दिवस राहायला या ऑपरेशनची काही आडकाठी नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरांना तेवढं आधी सांगून ठेवायचं म्हणाले. उलट हा फाटलेला खुबा घेऊन नऊ महिने उठबस करणं तुलाच जड जाईल. हे सगळं मी येऊन धोंडुबाईला ऐकवलं. ती म्हणाली, "आगं बाई, मला काय ठावं, मी आपलं ऐकलेलं सांगितलं." आणि सध्या ती येते ती थेट तुझ्या उंच खुर्चीत बसते, उठता उठत नाही.

तुझ्या वडिलांशीही बोलले. कृष्णात पाव्हण्यांसारखा सरळ माणूस, पण मला म्हणतात कसे, "आमच्या पोरीत खोट निघाली, आता तुमी म्हणाल तसं." मी त्यांना म्हटलं, पाव्हणं, पोरगी काय बाजारातनं आणलीया व्हय, खोट बघायला? ते रडले. पोरीचा बाप कशाला इतका वाकतो, मला कळत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते मला सुचलेलं नाही. काल संध्याकाळी मामा स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिथे पाणी प्यायलाही आले नसतील. उभ्याउभ्याच म्हणाले, "कागद घे आन तिला लिही." मी म्हटलं, तुम्हीच फोन करा की. तर म्हणाले, "सुनंशी असलं बोलता येतंय व्हय मला?" मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्या दिशी मी गप बसलो कारण काय बोलावं ते मला सुचंना. पोरीनं त्याचा भलताच अर्थ लावला. तिला लिही, नातू झाला तर खेळवीन, न्हाई झाला तर न्हाई. पर ती भिंत धरून चालतीया हे मला बघवत न्हाई." एवढं बोलून फडताळाकडे तोंड करून उभे राहिले आणि मीठ कुठंय म्हणून विचारलं. मीठ समोरच होतं. सृष्टी, हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. तू हे वाचशील तेव्हा सोमवार उजाडलेला असेल, आणि मामा ते स्वतः घेऊन आलेत. तुझ्या भावाच्या हाती ते आत पाठवणार आणि "मी आलोय हे बोलू नको" म्हणून त्याला बजावणार, कारण व्याह्यांच्या दारात न बोलावता जायचं नाही असा त्यांचा नियम. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसले असतील. पुढची सीट मागे सरकवून त्यांनी उशी ठेवलीय, डॉक्टरांनी सांगितली तेवढ्या उंचीची. गाडी थेट मिरजेला जाईल, तिथे मी तुझ्या आधी पोचते. यायचं नसेल तरी जाऊन त्यांना तसं सांग, पण फार वेळ उन्हात बसवू नकोस गं, बीपी आहे त्यांना.

तुझीच,
शालनआत्या